ही बिरुदे दिली कोणी?

शंकराचार्यांच्या पीठाकडून जे पत्र निघते त्याला मठाच्या भाषेत ‘श्रीमुख’ म्हणतात. ज्यांच्या घरी जुन्या कागदांचे रुमाल असतील त्यांच्या पाहण्यात असे एखादे श्रीमुख आले असेल. मुख्य मजकूर चार ओळींचा आणि त्याच्या डोक्यावर बिरुदावली मात्र आठ-दहा ओळींची. ‘श्रीमत्परमहंसपरिव्राजकाचार्यवर्य पदवाक्यप्रमाणपारावारपारीण’ अशी ती सुरू होते आणि ‘जगद्गुरू’ या शब्दापर्यंत पोहोचेतो वाचणाऱ्याला दम लागतो. सभेत ती वाचली जाते तेव्हा आपण हात जोडतो. अर्थ विचारण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

आज तो अर्थ विचारावा, आणि त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते. ही बिरुदे देते कोण? वकिलाला सनद मिळते, वैद्याची नोंदणी होते, प्राध्यापकाला विद्यापीठ पदवी देते. स्वामी, परमहंस, महर्षी, महाराज, जगद्गुरू या पदव्यांचे विद्यापीठ कोणते? तसे एकच विद्यापीठ आपल्याकडे कधीही नव्हते. रोमला पोप आहे आणि कोणाला संत म्हणावे याची तेथे रीतसर चौकशी होते. आपल्याकडे पदवी देणारे पुष्कळ, आणि प्रत्येकाचा अधिकार निराळा. म्हणून पदवी ऐकल्याबरोबर ती धारण करणाऱ्याविषयी फारसे कळत नाही. देणारा कोण हे कळले, तरच तिचे मोल ठरवता येते.

प्रथम त्या श्रीमुखाकडे वळू. पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा आणि प्रमाण म्हणजे न्यायशास्त्र. या तीन शास्त्रांच्या ‘पारावाराचा’, म्हणजे समुद्राचा, जो पैलतीर गाठून आला तो पारीण. परिव्राजक म्हणजे एका जागी न राहता फिरणारा. आता मठात हत्ती-घोडे, पालखी, इनामगावे असली, तरी मठाधिपती कागदोपत्री फिरस्ताच राहतो ही गंमत सोडून देऊ. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही विशेषणे व्यक्तीची नसून गादीची आहेत. काल दीक्षा घेऊन आज गादीवर बसलेल्या तरुणालाही तीच, आणि पन्नास वर्षे शास्त्रे घोटलेल्या वृद्धालाही तीच. गादी मोकळी असली तर बिरुदावली तिच्यावर वाट पाहत पडून राहते. हिमालयातील ज्योतिर्मठाच्या बाबतीत असेच घडले. सुमारे दीडशेहून अधिक वर्षे त्या पीठावर कोणी नव्हते. १९४१ साली ब्रह्मानंद सरस्वतींना तेथे बसवण्यात आले. १९५३ साली त्यांचे निर्वाण झाले आणि वारस कोण यावरून जो वाद पेटला तो दिवाणी न्यायालये, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय येथपर्यंत गेला. जगद्गुरू कोण हे शेवटी न्यायाधीशांनी साक्षीपुरावे तपासून सांगावे, अशी पाळी आली. यात न्यायाधीशांचा दोष नाही. पद आणि मालमत्ता एकत्र आली की हा दिवस येतोच.

गादी थोड्यांच्या वाट्याला येते. सामान्य संन्याशाचे नाव कसे तयार होते ते आता पाहू. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. आपल्याकडच्या याज्ञिकांचा तो आजही हाताशी ठेवण्याचा ग्रंथ आहे, आणि त्यात संन्यासग्रहणाचा विधी दिलेला आहे. घेणाऱ्याने स्वतःचे श्राद्ध स्वतःच करायचे, विरजाहोम करायचा, शेंडी आणि जानवे टाकायचे. घरच्या दृष्टीने तो मनुष्य मेला. हे नुसते बोलण्यापुरते नव्हे. हिंदू कायद्यानेही संन्यास हा व्यावहारिक मृत्यू मानला आणि पूर्वाश्रमीच्या घरच्या मालमत्तेवरचा त्याचा वारसा संपवला. मेलेल्या माणसाला जुने नाव कसे राहणार? म्हणून गुरू नवे नाव देतो आणि त्याला ‘योगपट्ट’ जोडतो. हे योगपट्ट दहा: गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, पर्वत आणि सागर. यावरूनच दशनामी हे नाव पडले. परंपरेने ते चार मठांना वाटून दिलेले आहेत. तीर्थ आणि आश्रम द्वारकेचे. पुरी, भारती, सरस्वती शृंगेरीचे. गिरी, पर्वत, सागर ज्योतिर्मठाचे. वन आणि अरण्य जगन्नाथपुरीचे. मठातील ब्रह्मचाऱ्यांनासुद्धा अशी खूण आहे. शृंगेरीचा तो चैतन्य, ज्योतिर्मठाचा आनंद, द्वारकेचा स्वरूप, पुरीचा प्रकाश. जाणकाराला नाव ऐकताच घराणे कळते, जसे आपल्याला आडनावावरून गाव कळते.

‘स्वामी’ हा शब्द या अर्थाने त्या विधीची पावती आहे. ज्ञान झाले, साक्षात्कार झाला, असे त्यात कोणी म्हटलेले नाही. अमुक गुरूने अमुक विधीने याला घराबाहेर काढून आपल्या परंपरेत घेतले, एवढेच ती पावती सांगते.

परंतु ही पावती सर्वांना मिळत नव्हती, आणि येथेच या विषयाचे खरे मर्म आहे. हाती दंड घेण्याचा अधिकार तीर्थ, आश्रम, सरस्वती अशा मोजक्या नावांना, आणि तोही ब्राह्मण जन्माला आलेल्यालाच, असा निर्बंध दंडी परंपरेने पाळला. स्त्रियांना तर ते दार बंदच होते. ज्या समाजात मोठमोठे साधक शिंप्याच्या, माळ्याच्या, कुंभाराच्या, महाराच्या घरी जन्मले, तेथे शास्त्राच्या दारातून आत जाऊ शकणारे किती? तेव्हा पदव्यांना दुसरी दारे फुटणे भागच होते.

ती दारे सांगण्यापूर्वी लोकांच्या खोडीचे एक उदाहरण देतो. सावंतवाडीजवळच्या माणगावचे वासुदेवशास्त्री टेंबे यांनी १८९१ साली पत्नीच्या निधनानंतर उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि ते वासुदेवानंद सरस्वती झाले. सर्व विधी निर्दोष. आडनाव शास्त्राप्रमाणे गेले. पण आपण त्यांना काय म्हणतो? टेंबेस्वामी! गुरूने काढून घेतलेले आडनाव लोकांनी पुन्हा आणून चिकटवले आणि शंभर वर्षांनंतरही ते निघालेले नाही.

परमहंस या पदवीची कथा निराळी. उपनिषदांत आणि स्मृतिग्रंथांत संन्याशांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. कुटीचक हा मुलाच्या घराजवळ झोपडी करून राहतो, बहूदक तीर्थातीर्थी फिरतो, त्यावर हंस आणि त्यावर परमहंस. म्हणजे हा मूळचा वर्गवाचक शब्द. तो एका विशिष्ट माणसाचा झाला दक्षिणेश्वरच्या गदाधर चट्टोपाध्यायांमुळे. त्यांना अद्वैताची दीक्षा तोतापुरींनी दिली. पण परमहंस त्यांना प्रथम कोणी म्हटले याविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही. केशवचंद्र सेनांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर सुशिक्षित कलकत्त्यात हे नाव झाले, आणि त्यानंतर बंगालमध्ये नुसते ‘परमहंस’ म्हटले की दुसरा कोणी डोळ्यांसमोर येईना. पुढे योगानंदांना त्यांचे गुरू श्रीयुक्तेश्वर यांनी १९३५ साली परमहंस ही पदवी दिली, तेव्हा ती सरळ गुरूच्या तोंडून आली. एकच शब्द, पण एका ठिकाणी लोकांनी रूढ केलेला आणि दुसऱ्या ठिकाणी गुरूने दिलेला.

रामकृष्णांच्या शिष्यांचा प्रकार याहून धीट. १८८६ साली गुरू गेले. त्यानंतर बराहनगरच्या पडक्या घरात त्या तरुणांनी आपापसातच विरजाहोम केला आणि नावे घेतली. नरेंद्रनाथ दत्तांची तर नावे बदलत राहिली. विविदिषानंद, सच्चिदानंद अशी ती ते फिरतीवर वापरीत. विवेकानंद हे नाव खेतडीच्या राजेसाहेबांच्या सूचनेवरून स्थिर झाले असे बहुतेक चरित्रकार सांगतात. पुणेकरांना यातली एक गोष्ट आवडेल. १८९२च्या सुमारास मुंबईहून पुण्याला येताना आगगाडीत टिळकांची एका संन्याशाशी गाठ पडली आणि तो त्यांच्या घरी काही दिवस राहिला. नाव विचारले तर ‘संन्यासी’ एवढेच उत्तर. पुढे शिकागोच्या परिषदेचा बोलबाला झाला, चित्र पाहण्यात आले, तेव्हा टिळकांनी पत्र लिहून विचारले, आमच्याकडे राहून गेलेले ते आपणच काय? ज्या नावाने पुढे जग ओळखणार होते ते नाव घरात असताना यजमानाला ठाऊकही नव्हते. त्यावाचून त्या पाहुण्याच्या योग्यतेत काही उणे पडले नाही हे टिळकांच्या आठवणीवरूनच दिसते.

मला सर्वांत उद्बोधक वाटते ते तिरुवण्णामलैचे उदाहरण. व्यंकटरामन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा १८९६ साली मदुरेचे घर सोडून अरुणाचलाच्या पायथ्याशी आला. त्याने कोणाकडून दीक्षा घेतली नाही, विधी केला नाही. बोलत नसे, म्हणून लोकांना नाव कळेना; ते ‘ब्राह्मणस्वामी’ म्हणू लागले. १९०७च्या नोव्हेंबरात गणपतिशास्त्री नावाचे विद्वान डोंगर चढून त्यांच्याकडे गेले. हे गणपतिशास्त्री साधेसुधे नव्हते. बंगालमधील नवद्वीप म्हणजे शास्त्र्यांची काशी. तेथील पंडितसभेत १९०० साली शीघ्र संस्कृत रचना करून त्यांनी ‘काव्यकंठ’ ही पदवी जिंकली होती. म्हणजे हे स्वतः परीक्षा देऊन पदवी मिळवलेले गृहस्थ. त्यांनी त्या मौनी तरुणाला तपाविषयीचा आपला प्रश्न विचारला, उत्तर ऐकले आणि व्यंकटरामन या नावातून ‘रमण’ एवढे काढून घेऊन जाहीर केले की हे भगवान रमण महर्षी होत. सभा नाही, विधी नाही. वयाने वर्षभराने मोठा असलेला एक गृहस्थाश्रमी पंडित सांगतो आणि जग ते मानते. पदवी टिकली याचे कारण देणारा अधिकारी होता, आणि देण्यात त्याला कोणताच लाभ नव्हता.

याचा कायदेशीर भागही मनोरंजक आहे. पुढे आश्रमाच्या व्यवस्थेवरून एका जुन्या भक्ताने दावा केला. साक्षीच्या वेळी महर्षींना विचारले गेले, आपण कोणत्या आश्रमातले? ब्रह्मचारी, गृहस्थ, वानप्रस्थ की संन्यासी? उत्तर आले, ‘अत्याश्रमी’, म्हणजे चारींच्या पलीकडचा. वकिलाला हे उत्तर कितपत उपयोगी पडले असेल कोण जाणे! परंतु विधीने संन्यास घेतलेला नसल्यामुळे मालमत्तेबाबतचा व्यावहारिक मृत्यूही ओढवलेला नव्हता, आणि १९३८ साली त्यांनी मृत्युपत्र करून आश्रमाची व्यवस्था धाकट्या भावाकडे सोपवली. तो भाऊ मात्र रीतसर संन्यासी होता, निरंजनानंद स्वामी! धाकट्याकडे पदवीची पावती आणि थोरल्याकडे नुसती लोकमान्यता.

जन्माने मिळणारी पदवीही आहे. पुष्टिमार्गात वल्लभाचार्यांच्या वंशातील पुरुष हा जन्मतःच गोस्वामी, महाराज. त्याला विद्या, वैराग्य यांची परीक्षा नाही. या पदवीच्या आड काय चालते हे करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने छापले, तेव्हा एका महाराजांनी मुंबईत बदनामीचा खटला भरला. १८६२ साली त्याचा निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. मुंबईच्या समाजसुधारणेच्या इतिहासात तो ‘महाराज लायबल केस’ म्हणून प्रसिद्ध आहे.

आपल्या मराठी मुलखात खरी टांकसाळ आहे ती लोकांच्या जिभेची. वारकरी पंथात संन्यासविधी नाही, योगपट्ट नाही. तुळशीची माळ गळ्यात पडली की झाला वारकरी. ज्ञानेश्वरांना माउली म्हटले ते कोणत्या सभेने? दिंडीत तर शेजारच्या अनोळखी वाटसरूलाही ‘माउली, जरा सरका’ म्हणतात. इतकी थोर पदवी इतकी स्वस्त करून टाकणारा पंथ दुसरा नसेल. कीर्तनकाराच्या नावामागे ‘ह. भ. प.’, म्हणजे हरिभक्तपरायण, लागते ते निमंत्रण छापणाऱ्याच्या हातून. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षणसंस्था काढली आणि शिक्षणाला शिस्त आणली, तरी पदवी देणारी शेवटची सत्ता श्रोत्यांचीच राहिली. म्हणून येथल्या पदव्या नात्यागोत्याच्या आहेत: बुवा, बाबा, आप्पा, अण्णा, अक्का, ताई. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि ज्ञानेश्वरीचे थोर प्रवचनकार शंकर वामन दांडेकर हे तुम्हाआम्हाला माहीत आहेत ते सोनोपंत किंवा मामासाहेब म्हणून. जगद्गुरूपेक्षा मामा होणे अवघड आहे, कारण मामाला रोज घरात यावे लागते.

ही जीभ पुष्कळदा एखादी वस्तू पाहून नाव देते. डेबूजी झिंगराजी जानोरकर हातात फुटक्या मडक्याचे गाडगे घेऊन गावोगाव झाडीत फिरले, त्यांचे गाडगेबाबा झाले. माझा कोणी शिष्य नाही, असे म्हणणाऱ्या आणि कोणाला पाया पडू न देणाऱ्या या माणसाला लोकांनी बाबा केले. माणिक बंडोजी इंगळे या मुलाला गुरू आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटले. पुढे त्यालाच राष्ट्रसंत म्हणू लागले. हे बिरुद राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी दिले असे सांगतात. २००५ साली नागपूर विद्यापीठाच्या नावात ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ आले आणि अमरावती विद्यापीठाच्या नावात ‘संत गाडगेबाबा’. तुकडा आणि गाडगे या दोन शब्दांच्या नावाने आज विद्यार्थ्यांना पदव्या मिळतात. शिर्डीच्या फकिराचे तर मूळ नाव कोणालाच ठाऊक नाही. खंडोबाच्या देवळाशी म्हाळसापतींनी ‘या साई’ म्हणून स्वागत केले, ही आख्यायिका हाच त्यांचा नामकरणविधी.

राजाने पदवी निर्माण केल्याचे ठळक उदाहरण कोल्हापूरचे. वेदोक्त प्रकरणात शाहू छत्रपतींना जो अनुभव आला तो सर्वांना माहीत आहे. धर्मपीठ आपल्याला क्षत्रिय म्हणत नसेल, तर आपले धर्मपीठ आपणच काढू, या विचाराने त्यांनी १९२० साली ‘क्षात्रजगद्गुरू’ हे पद निर्माण करून पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर सदाशिवराव पाटील बेनाडीकर या सुशिक्षित मराठा तरुणाला बसवले. यावर सत्यशोधकांतूनच आक्षेप निघाला. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको असे जोतीरावांनी सांगितले असता नवा जगद्गुरू कशाला? आक्षेप तात्त्विकदृष्ट्या बिनतोड होता असे मला वाटते. तरीही महाराजांचे कृत्य व्यर्थ म्हणता येत नाही. पदवी ही माणसाने माणसाला दिलेली वस्तू आहे, आकाशातून पडलेली नव्हे, हे त्यांनी दरबार भरवून दाखवून दिले.

याच बंद दाराची गोष्ट आपल्या काळात आखाड्यांत पुन्हा घडली. आखाडे तेरा आहेत. नाशिकच्या सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात, ते आपण पाहतोच. शैव आखाड्यांत महामंडलेश्वर ही पदवी पट्टाभिषेकाने मिळते. निरनिराळ्या आखाड्यांचे प्रतिनिधी येऊन खांद्यावर चादर घालतात. ती चादर म्हणजे ‘आम्हाला मान्य’ अशी जणू सही. २०१५ साली किन्नर आखाडा स्थापन झाला आणि ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या. चौदावा आखाडा म्हणून मान्यता द्यायला आखाडा परिषद तयार नव्हती. शेवटी २०१९ च्या प्रयागच्या कुंभात जुना आखाड्याशी करार होऊन त्यांनी शाहीस्नान केले. शाहू महाराजांच्या हाती राज्य होते. यांच्या हाती ते नव्हते, म्हणून वाट करारातून काढावी लागली.

स्वतःच पदवी घेणाऱ्यांबद्दल फार बोलत नाही. पुण्याच्या कोरेगाव पार्कातील रजनीश जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवीत होते तेव्हापासून आचार्य, १९७१ साली भगवान आणि १९८९ साली ओशो झाले. निदान त्यांनी आपली बिरुदे उघडपणे बदलली. श्रींच्या संख्येचा मोह मात्र जुना आहे. गुरूला सहा श्री, धन्याला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन असा पत्रलेखनाचा जुना संकेत होता. शत्रूला मित्रापेक्षा एक श्री अधिक, हे लिहिणाऱ्याला माणसांची पारख होती! सहा श्रींचे पुढे १०८ झाले आणि त्यांचे १००८. आकडा घातल्याने लेखनिकाचा हात वाचला, पण मर्यादा गेली.

दिलेली पदवी परत घेण्याचा प्रयत्नही झालेला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अखिल भारतीय आखाडा परिषदेने अलाहाबादेस बैठक घेऊन चौदा ‘भोंदू बाबां’ची यादी जाहीर केली. वृत्तपत्रांनी ती ठळकपणे छापली. पण यादीतील बहुतेकांना पदवी कोणत्याही आखाड्याने दिलेलीच नव्हती. ती त्यांच्या मंडपात बसणाऱ्या लोकांनी दिलेली होती, त्यामुळे परिषदेपाशी काढून घेण्यासारखे काही नव्हते. त्यांतले जे तुरुंगात गेले ते न्यायालयाच्या निकालाने गेले, परिषदेच्या ठरावाने नव्हे. आणि तुरुंगाच्या दाराशी जमलेली माणसे तेव्हाही त्यांना बापू किंवा महाराज म्हणूनच हाका मारीत होती.